संगणक आहे, त्याच्याशेजारी माणूस हवा

गेल्या नोव्हेंबरात सोलापूरच्या पूर्व भागातील एका सेवा केंद्राबाहेर मी तासभर रांगेत उभा होतो. माझ्या पुढे साठी ओलांडलेल्या एक विडी कामगार बाई होत्या. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनसाठी त्यांना हयातीचा दाखला द्यायचा होता. दोन्ही हातांची बोटे एकामागून एक यंत्रावर ठेवून झाली, पदराने पुसून पुन्हा ठेवून झाली, पण यंत्र ठसा घेईना. चाळीस वर्षे तेंदूची पाने कातरून आणि विड्या वळून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. केंद्रचालक मुलगा उद्धट नव्हता, तो शेवटी म्हणाला, "अम्मा, खोबरेल लावून उद्या या." उद्या येणे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडवणे, आणि तेही अशा पेन्शनसाठी, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. चेहऱ्यावरून ओळख पटवून हाच दाखला साध्या स्मार्टफोनवर काढण्याची सोय काही वर्षांपासून उपलब्ध आहे. मी माझ्या फोनवर त्यासाठीची दोन ॲप उतरवून घेतली, आधी माझी स्वतःची ओळख पटवली, मग त्यांच्या पेन्शन-आदेशाचा (पीपीओ) क्रमांक भरला, त्यांना उजेडात उभे केले आणि वीस-पंचवीस मिनिटांत दाखला निघाला. निघताना त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षी तुम्ही कुठे भेटाल?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि माझ्या मते या शहराकडेही ते नाही. सोलापुरात संगणक नाहीत, इंटरनेट नाही किंवा योजना नाहीत, अशी परिस्थिती मुळीच नाही. नाही ती एक ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि त्या वेळी तिथे नक्की भेटणारा असा माणूस, ज्याचे पोट समोरच्याच्या अर्जावर अवलंबून नाही. प्रत्येक प्रभागात असे एक सार्वजनिक तंत्रज्ञान केंद्र असावे, ते शक्यतो वाचनालयात किंवा अभ्यासिकेत असावे, आणि तिथे बसणाऱ्या मदतनिसाचे मानधन महापालिकेच्या अंदाजपत्रकातून यावे, अशी माझी भूमिका आहे. महापालिका पाण्यासाठी आणि दिवाबत्तीसाठी तरतूद करते. त्याच पंक्तीत ही सेवा बसायला हवी.

ज्यांनी गिरण्यांचे सोलापूर पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशी तिच्यासारखी नावे या शहराची ओळख झाली. त्या गिरण्यांत माग जितका महत्त्वाचा होता, तितकाच मागाच्या खात्यातला जॉबर. धागा तुटू लागला, माग अडकला, की कामगार त्याला हाक मारी, आणि तो आपल्या पान्यांसह येऊन मागाशेजारी उभा राही. हाक मारल्यावर येणारा असा माणूस गृहीत धरलेला नसता, तर त्या गिरण्या आठवडाभरही चालल्या नसत्या. आज आपण घराघरांत मोबाइलरूपी यंत्रे दिली, शासनाचे जवळजवळ सगळे व्यवहार त्यांवर नेले, आणि जॉबर मात्र नेमलाच नाही.

किती व्यवहार यंत्रावर गेले आहेत, याची यादी करायची झाली तर ती लांबेल, पण एका विडी कामगाराच्या घरापुरते पाहिले तरी पुरे. मुलांची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, असंघटित कामगार म्हणून नोंदणी २०२१ पासून ई-श्रमवर, लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये आणि त्यासाठीची ई-केवायसी संकेतस्थळावर, रेशनकार्डाची केवायसी वेगळी, मुलीच्या अभियांत्रिकी किंवा नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज वेगळा, आणि त्या प्रत्येक अर्जात फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत. यांतील एखादी पायरी चुकली, तर पैसे येणे थांबते, आणि का थांबले हे सांगायला समोर कोणी नसते. त्यात सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचे शहर आहे. पूर्व भागातील अनेक पद्मशाली घरांत बायका तेलुगूत विचार करतात, मराठी बोलतात, आणि पडद्यावर मात्र त्यांना 'रजिस्टर्ड मोबाइल नंबर डझ नॉट मॅच' असे इंग्रजी वाक्य लाल अक्षरांत दिसते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला आणि यंत्राकडून होणारे भाषांतर वर्षागणिक सुधारते आहे, हे चांगलेच आहे. तरीही भाषांतर झालेले वाक्य वाचून पुढे काय करायचे, हे समजण्यासाठी शेजारी बसून, आपल्या बोलीत, न चिडता सांगणारा माणूस लागतोच.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की मोबाइल तर आता प्रत्येकाकडे आहे. मोबाइल घरात असतो हे खरे, पण तो कोणाच्या हातात असतो हे पाहावे. बहुतेक वेळा तो मुलाकडे असतो, आणि तो मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला नोकरीसाठी गेलेला असतो. आईच्या आधारला जोडलेला क्रमांकही त्याचाच असतो. इथे खिडकीपाशी आई उभी, ओटीपी गेला हिंजवडीत, आणि मुलगा पाळीवर असल्याने फोन उचलत नाही, हा प्रसंग सेवा केंद्रांत दिवसातून कितीदा घडत असेल याची कल्पना केंद्रचालकांना विचारल्यास येईल. शिवाय फोनवर गाणे ऐकणे आणि पैसे पाठवणे जमते, म्हणून अर्ज भरणे, कागद स्कॅन करून योग्य आकारात बसवणे, नोकरीसाठी स्वपरिचय टंकलिखित करणे किंवा हिशेबाचा तक्ता तयार करणे जमेलच असे नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या हुशार मुलामुलींनाही संगणकावर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल असे, मराठी टंकलेखन येत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि लिपिकाच्या परीक्षेपर्यंत ती उणीव कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सेवा केंद्रे आहेतच की. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला आणि आपले सरकार सेवा केंद्रांचे जाळे उभे केले, यामुळे तहसील कचेरीच्या फेऱ्या निश्चित कमी झाल्या. ही केंद्रे बंद करावीत असे मी म्हणणार नाही. पण त्यांची रचना लक्षात घेतली पाहिजे. केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे ठरावीक रक्कम मिळते. भाडे, वीज, शाई, कागद हा खर्च त्याचाच असतो. तेव्हा एका आजीबाईला अर्धा तास समजावून सांगणे त्याला परवडत नाही, आणि तिला शिकवून पुढच्या वेळी तिने स्वतः अर्ज भरावा, अशी व्यवस्था तर त्याच्या धंद्याच्याच विरोधात जाते. तो अर्ज भरून देतो, शिकवत नाही. आणि अशा अटींवर त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. एका केंद्रात पडदा माझ्याकडे वळवलेला असताना मला दिसले, की डाउनलोड फोल्डरमध्ये अनोळखी लोकांची आधारकार्डे, पासबुकाची पहिली पाने आणि मुलींचे फोटो शेकड्यांनी तसेच पडून होते. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण काम झाल्यावर समोरच्याच्या देखत फाइल पुसून टाकायची, एवढी साधी शिस्त शिकवण्याची जबाबदारी गल्लीच्या पातळीवर कोणी घेतल्याचे दिसत नाही.

शासनाने प्रशिक्षणाचा विचार केलाच नाही असेही नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये मंजूर झाले आणि मार्च २०२४ अखेर संपले, तोवर त्यात देशभर सहा कोटींहून अधिक लोक शिकले. संख्या मोठी आहे, परंतु अभियानाच्या अटी पाहिल्या की सोलापूर कुठे निसटले ते कळते. ही योजना ग्रामीण भागापुरती होती, एका कुटुंबातून एकालाच प्रवेश होता, वयोमर्यादा १४ ते ६० होती आणि अभ्यासक्रम वीस तासांचा होता. म्हणजे महापालिकेच्या हद्दीबाहेर कुंभारीत राहणारी विडी कामगार तिला पात्र ठरत होती, आणि हद्दीच्या आत, अशोक चौकाच्या आसपास तेच काम करणारी तिची बहीण अपात्र ठरत होती. शहरातील माणसाला सगळे येते असे गृहीत धरून केलेल्या या आखणीत सोलापूरसारखी कामगारांची शहरे बसत नाहीत. साठीनंतर तर कोणालाच काही शिकायचे नाही असे जणू ठरून गेले होते, आणि हयातीचा दाखला तर साठीनंतरही दरवर्षी लागतो.

शिवाय हा आता सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीसंबंधीच्या एका निकालात स्पष्ट सांगितले, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या व्यक्तींचे आणि दृष्टिहीनांचे होते. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा, असे यंत्र सांगत होते, आणि त्यांना ते शक्य नव्हते. झिजलेल्या बोटांच्या विडी कामगार बाईंची अडचण त्याच जातीची आहे. यंत्राने ज्या शरीराची कल्पना केली आहे, तसे शरीर तिच्याकडे उरलेले नाही. न्यायालयाने यंत्रणांना निर्देश दिले. ते निर्देश पूर्व भागातल्या खिडकीपर्यंत पोहोचवण्याचे काम स्थानिक संस्थांना करावे लागेल.

जागेचा प्रश्न मला अवघड वाटत नाही. या शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी परंपरा आहे, प्रभागांत समाजमंदिरे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. अभ्यासिकांची एखादी खोली दुपारच्या वेळेला जरी या कामासाठी मिळाली, तरी तीत चार संगणक, एक स्कॅनर, एक प्रिंटर, ठसे घेणारे एक यंत्र आणि दोन बाके सहज बसतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ पासून राज्यात हजारो ग्रंथालये अनुदानावर चालतात. त्यांची अवस्था आणि कर्मचाऱ्यांचे वेतन ही वेगळ्या लेखाची आणि खरे तर संतापाची बाब आहे; पण गावोगाव, वस्तीवस्तीत सार्वजनिक, सर्वांना खुली आणि विश्वासाची अशी दुसरी जागा आपल्याकडे नाही. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्र शासनाच्या संस्थेच्या समान निधी आणि असमान निधी योजना ग्रंथालयांच्या परिचयाच्या आहेत. तेव्हा केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि संस्थेचा वाटा एकत्र करून काही उभारण्याची सवय ग्रंथालयांना आधीपासून आहे.

वाट्याच्या या पद्धतीवरून अमेरिकेतील सिएटल शहराचे उदाहरण आठवते. तेथील नगर प्रशासन १९९७ पासून वस्तीतील संस्थांना तंत्रज्ञान शिकवण्यासाठी अनुदान देते. अट अशी, की संस्थेनेही आपला वाटा घालावा. मात्र तो रोख असलाच पाहिजे असे नाही, स्वयंसेवकांनी दिलेले तास, मिळालेले साहित्य, एखाद्या जाणकाराची विनामोबदला सेवा हेही वाट्यात धरले जाते. त्या श्रीमंत शहराशी सोलापूरची तुलना होणार नाही, पण श्रमदानाचा हिशेब करून त्याला अनुदानाची जोड देणे ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. सहकारी सोसायट्या, सूतगिरण्या, कामगार संघटना यांच्या जोरावर या शहराने स्वतःची घरे बांधली आहेत. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि पुढे तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला, ज्यातील पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार अशा तिघांच्या वाट्यातून एवढे काम उभे राहते, तर प्रत्येक प्रभागात एक खोली आणि एक माणूस उभा राहू शकत नाही, हे मला पटत नाही.

आता संस्थांकडे वळतो, कारण त्यांची ओढाताण बाहेर फारशी दिसत नाही. सोलापुरात अंध मुलांसाठी, एकल महिलांसाठी, व्यसनमुक्तीसाठी, रात्रशाळांसाठी काम करणाऱ्या अनेक लहान संस्था आहेत, ज्यांच्याकडे दोन कार्यकर्ते आणि दोन कपाटे असतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब, आयकर खात्याकडे संस्थेची नोंदणी आणि देणग्यांवरील करसवलतीची मान्यता यांचे नूतनीकरण, देणगीदारांचे दरवर्षीचे विवरण आणि त्यावरून निघणारी प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंद, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी २०२१ पासून सक्तीची झालेली सीएसआर-१ नोंदणी, हे सर्व ऑनलाइन आहे आणि त्यातील प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे. मी ज्या एका संस्थेच्या कामात मदत करतो, तिथे एका पोर्टलचे खाते तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कार्यकर्त्याच्या मोबाइलशी जोडलेले होते. तो आता सौदीत आहे आणि तो क्रमांक बंद आहे. ते खाते परत मिळवायला आम्हाला चार महिने लागले, आणि तेवढ्यात एक निधीचा अर्ज हुकला. तिच्याच जुन्या अहवालांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये असल्याने नव्या संगणकावर त्या निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. त्यामुळे तीस वर्षांचे काम त्या संस्थेला आज कोणालाही दाखवता येत नाही.

अशा संस्थांसाठी बाहेर संधी भरपूर आहेत. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि कॅनव्हा या कंपन्या नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना आपल्या काही सेवा विनामूल्य वा मोठ्या सवलतीत देतात; हिशेब आणि लिखाणासाठी लिब्रेऑफिससारखी मुक्त साधने कोणालाही फुकट मिळतात. कंपनी कायदा २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण हे मिळवण्यासाठी लागणारा अर्ज, स्वतःच्या संस्थेच्या नावाचा ईमेल, नीट जपलेली नोंदणीची कागदपत्रे आणि इंग्रजीत चार परिच्छेद लिहिण्याचा आत्मविश्वास, हेच त्यांच्याकडे नसते. परिणामी सवलती त्या संस्थांकडे जातात, ज्यांच्याकडे आधीच पुण्या-मुंबईचा सल्लागार असतो. प्रत्येक लहान संस्थेने स्वतंत्र तंत्रज्ञ ठेवावा हे अशक्य आहे. दहा-बारा संस्थांनी मिळून एक ठेवावा हे सहज शक्य आहे. आठवड्यातून अर्धा दिवस तो एका संस्थेत बसेल, पासवर्डांची नीट नोंद लावेल, जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणेल, विवरणांच्या तारखा भिंतीवर लावेल. प्रभागातील केंद्राच्या मदतनिसाला अडलेले कामही त्याच्याकडे जाऊ शकेल, आणि अशा रीतीने रहिवाशांची आणि संस्थांची व्यवस्था एकमेकींना धरून चालेल.

यंत्रांवर फार खर्च करण्याची गरज नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचा सर्वसाधारण आधार थांबवला आणि कार्यालयांतील चांगल्या स्थितीतले असंख्य संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. त्यांवर उबंटूसारखी मुक्त प्रणाली बसवली, की अर्ज भरणे, टंकलेखन आणि शिकवणे यांसाठी ते आणखी कित्येक वर्षे चालतात. केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणालीवर शिकवण्याचा मार्ग पूर्वीच चोखाळला आहे. बँका, महाविद्यालये आणि कारखाने यांनी असे संगणक भंगारात देण्याआधी डिस्क नीट पुसून या केंद्रांना द्यावेत.

माणूस मात्र भंगारातून मिळत नाही, आणि इथे माझे मित्र माझ्याशी वाद घालतात. त्यांच्या मते हे काम विद्यार्थी स्वयंसेवक करतील. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे, नव्या शैक्षणिक धोरणात समाजातील कामाला श्रेयांकही आहेत, आणि ती मुले यावीतच; तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुले तर आवर्जून यावीत. पण परीक्षा आल्या की स्वयंसेवक जातो आणि सत्र संपले की श्रेयांकही संपतो. आजीबाईला पुढच्या नोव्हेंबरात तोच चेहरा दिसायला हवा, कारण आधार क्रमांक आणि ओटीपी यांच्या व्यवहारात सगळा भार विश्वासावर असतो. 'डिजिटल अटक' आणि केवायसीच्या नावाने होणारी फसवणूक वाढत असताना अनोळखी मुलाच्या हाती फोन देऊ नका, असे आपणच लोकांना सांगतो. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक तातडीने लावून देणारा माणूसही ओळखीचाच असावा लागतो. म्हणून मदतनीस वस्तीतला, शक्यतो वस्तीतली बारावी-पदवीधर मुलगी किंवा सून असावी. तिला किमान वेतनाहून कमी नसलेले मानधन मिळावे, ओळखपत्र असावे, आणि कोणाचा कोणता कागद पाहिला, काम झाल्यावर तो पुसला का, याची वही तिने रोज भरावी.

पहिल्या वर्षी सगळे प्रभाग घेण्याची घाई नको. पूर्व भागात एक, नई जिंदगी परिसरात एक आणि हद्दवाढ भागात एक, अशी तीन केंद्रे सुरू करावीत, आणि त्यांचे मोजमाप किती जणांना प्रशिक्षण दिले या आकड्यावर करू नये, कारण तो आकडा हजेरीपटावर सह्या घेऊन वाढवता येतो. जी बाई या नोव्हेंबरात मदतीने दाखला काढून गेली, ती पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा आली का, आली तर यंत्रासमोर स्वतः बसली का, आणि नसेल आली तर घरीच काढला की पेन्शन थांबली, हे तिच्या दारी जाऊन विचारून त्याच वहीत लिहून ठेवावे.